बाळ ‘पेटीत’ आहे आणि जंतू औषधाला दाद देत नाही: आईबापांनी काय करायचं

बाळंतपण होऊन तासही झालेला नसतो. पेढ्यांचा पुडा अजून सोडलेला नसतो, आणि कुणीतरी दार अर्धवट उघडून सांगतं, “बाळाला पेटीत ठेवलंय.” पुढचे पंधरा-वीस दिवस एनआयसीयूच्या, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाच्या, बाहेरच्या बाकड्यावर जातात. त्यातल्याच एका सकाळी डॉक्टर म्हणतात, “इन्फेक्शन दिसतंय, साध्या अँटिबायोटिक्सना दाद देत नाहीये. हायर लावतोय.” बाकड्यावरचे सगळे एकमेकांकडे बघतात. हायर म्हणजे काय? हॉस्पिटलात असून इन्फेक्शन झालंच कसं? आणि हे विचारायचं कुणाला?

नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात मी २६ वर्षं सिस्टर होते, आधी सरकारी रुग्णालयात, मग खासगी. त्या बाकड्यावर पहिल्यांदाच बसलेल्यांसाठी हे लिहितेय. कुठलं औषध द्यायचं हे यात सापडणार नाही, ते डॉक्टरांनी बघायचं. पण तुम्ही तिथे फक्त वाट बघायला बसलेले नाही, एवढं मात्र मला सांगायचंय. बाळाला दिवसभरात हात लावणाऱ्यांत तुम्हीही आहात, आणि हे जंतू बहुतेक वेळा हातावरूनच फिरतात.

पायरी १. जंतू येतो कुठून ते आधी समजून घ्या

रिपोर्टवर जी नावं येतात ती साधारण ठरलेली असतात: क्लेब्सिएला, असिनेटोबॅक्टर, सुडोमोनास, ई. कोलाय, कधी एमआरएसए नावाचा स्टॅफ. यातले क्लेब्सिएला आणि ई. कोलाय तुमच्या-माझ्या आतड्यातही असतात आणि तिथे असतात तोवर त्यांचा काही त्रास नसतो. तोच क्लेब्सिएला सलाईनच्या सुईच्या वाटेने सव्वा किलोच्या बाळाच्या रक्तात शिरला की प्रकरण वेगळं होतं. असिनेटोबॅक्टर कोरड्या जागीही तग धरतो: पलंगाचा दांडा, मॉनिटरची बटणं, वॉर्मरचा कठडा. तिथे तो आठवडेच्या आठवडे राहू शकतो. सुडोमोनासला ओल आवडते, म्हणजे सिंकचं भोक, ऑक्सिजनच्या बाटलीतलं शिळं पाणी.

हॉस्पिटलात अँटिबायोटिक्सचा मारा सतत चालू असतो. त्यात साधे जंतू मरतात आणि ज्यांच्याकडे वाचायची युक्ती आहे ते उरतात. वर ही युक्ती ते एकमेकांना देतातही, परीक्षेत कॉपीची चिठ्ठी मागच्या बाकावर सरकावी तशी. जात वेगळी असली तरी अडत नाही, क्लेब्सिएलाची चिठ्ठी ई. कोलायला चालते. अशीच एक चिठ्ठी म्हणजे एनडीएम नावाचं जनुक. भारतात रुग्णालयात राहून स्वीडनला परतलेल्या एका रुग्णात ती २००८ मध्ये सापडली, आणि तिच्या नावात नवी दिल्ली घातली म्हणून आपल्याकडे बराच गदारोळ झाला.

दिल्लीतल्याच तीन मोठ्या रुग्णालयांत २०११ ते २०१४ या काळात अतिदक्षता विभागात आलेल्या १३,५३० नवजात बाळांवर लक्ष ठेवलं गेलं. त्यातल्या सुमारे १४ टक्के बाळांना रक्तातला जंतुसंसर्ग, ज्याला डॉक्टर ‘सेप्सिस’ म्हणतात, तो झाला. सर्वांत जास्त वेळा असिनेटोबॅक्टर निघाला, आणि त्यातला ८२ टक्के एकाहून जास्त प्रकारच्या औषधांना दाद न देणारा होता. क्लेब्सिएलात हे प्रमाण ५४ टक्के होतं. मला त्यातली सगळ्यात टोचणारी गोष्ट वेगळीच वाटते. जवळजवळ दोन तृतीयांश संसर्ग पहिल्या ७२ तासांतच दिसले. आम्हाला शिकवलं होतं की इतक्या लवकर होणारा संसर्ग आईकडून येतो. इथे तर लेबर रूममधूनच हॉस्पिटलचा जंतू बाळाला गाठत होता. म्हणून हात धुण्याचा आग्रह एनआयसीयूच्या दारापासून नाही, प्रसूतीच्या टेबलापासून धरायचा.

एक आमच्याच विभागातली गोष्ट सांगते. आठ दिवसांत तीन बाळांच्या रक्तात एकच क्लेब्सिएला निघाला, कुठल्या औषधाला दाद देतो नि कुठल्या नाही याचा नमुनाही तोच. आम्ही भिंती धुतल्या, एसीच्या जाळ्या धुतल्या, मावशींनी फरशी तीन-तीनदा पुसली. शेवटी सापडली ती १०० मिलीची सलाईनची बाटली, रबरी बुचात सुई खोचून ठेवलेली. बाळांच्या सुया मोकळ्या ठेवायला त्यातूनच दोन-दोन मिली ओढायचं, वेळ वाचतो म्हणून. ती सुई एखाद्या रात्री मीही खोचली असेल. तीनपैकी दोन बाळं घरी गेली.

हे सांगायचं कारण, जंतू आला म्हणून आईने स्वतःला दोष देत बसू नये आणि सिस्टरच्या अंगावरही धावून जाऊ नये. पण बुचात सुई खोचलेली बाटली बाळाजवळ दिसली तर विचारायचं, “सिस्टर, ही सगळ्यांसाठी एकच आहे का?” एवढं विचारलेलं पुरतं.

पायरी २. हात

इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे.

दाराशी सिंक असतं. हात धुण्याआधी बोटांपासून कोपरापर्यंत काहीही नको: घड्याळ, अंगठी, ब्रेसलेट, बांगड्या, मनगटावरचा दोरा. नखं कापलेली, नेलपॉलिश काढलेलं. मेंदी चालते.

बांगड्यांवरून दर महिन्याला एकदा तरी रडारड होते. एक सातारकडची मुलगी होती, सातव्या महिन्यात ओटी भरून घेतलेली, हातात हिरवा चुडा. आठव्याच महिन्यात बाळ झालं. सासूबाई दारात उभ्या: “बाळंतिणीचा चुडा उतरवायचा नाही. अपशकुन होतो.” मी वाद घातला नाही. एक काचेची बांगडी घेतली, तिच्या आतल्या कडेवरून पांढरा ओला बोळा फिरवला आणि त्यांच्यासमोर धरला. काळाकुट्ट झाला होता. त्या जरा वेळ बघत राहिल्या. मग स्वतःच तेलाचा हात लावून एकेक बांगडी, न फोडता, सुनेच्या हातातून काढली, रुमालात बांधली आणि तिच्या उशाखाली ठेवली. दोऱ्याचंही तसंच. गंडा, काळा दोरा, दर्ग्यातला धागा, काय असेल ते काढून छोट्या पिशवीत घालून आईच्या उशाशी ठेवा. श्रद्धेला धक्का लागत नाही आणि मनगट मोकळं होतं.

आता धुणं. साबण-पाण्याने ४० ते ६० सेकंद, हे सेकंदकाट्यावर बघाल तेव्हा कळेल की आपण एरवी किती कमी वेळ धुतो. आधी तळव्यावर तळवा. मग एका तळव्याने दुसऱ्या हाताची पाठ, बोटांत बोटं अडकवून. मग बोटांच्या बेचक्या. मग बोटं मुडपून त्यांच्या पाठी तळव्यात घासायच्या. मग अंगठा, दुसऱ्या मुठीत धरून फिरवायचा. शेवटी पाची नखांची टोकं तळव्यात गोल गोल. अंगठा आणि नखांची टोकं, या दोन जागा जवळजवळ प्रत्येकाच्या राहतात, शिकाऊ डॉक्टरांच्याही. बाळाच्या तोंडात चिकाचा थेंब सोडताना पुढे येतो तो नेमका हाच भाग.

धुऊन झाल्यावर नळ कोपराने बंद करा किंवा कागदाने धरून. आणि हात पदराला पुसू नका! ओढणीला नको, खिशातल्या रुमालाला नको. रिक्षापासून बाकड्यापर्यंत सगळं त्या पदराने पुसून झालेलं असतं. कागद नसेल तर हात वर धरून वाळू द्या.

एकदा धुतलं की झालं, असंही नाही. पेटीशी जाता जाता मास्क सारखा केला, चष्मा वर सरकवला, खुर्ची ओढली, फोन उचलला, तर हात पुन्हा स्वच्छ करायचे. त्यासाठी प्रत्येक पेटीला हँडरबची बाटली अडकवलेली असते. तळवाभर घ्यायचं आणि त्याच क्रमाने २० ते ३० सेकंद, सुकेपर्यंत चोळायचं. हात उघड मळलेले असतील किंवा बाळाची शी साफ केली असेल तर हँडरबवर भागवू नका, साबण-पाणीच. बाळाला हात लावण्याआधी आणि लावल्यानंतर, दोन्ही वेळा. नंतरचा तुमच्यासाठी नसतो, पलीकडच्या पेटीतल्या बाळासाठी असतो.

ग्लव्हज घातले म्हणजे हात स्वच्छ, हाही एक गोड गैरसमज. ग्लव्हज घालून मॉनिटरचं बटण दाबलं आणि त्याच हाताने बाळाची नळी धरली, तर जंतूला काय फरक पडतो?

सिस्टर किंवा डॉक्टर हात न धुता बाळाजवळ येताना दिसले तर? बोलायची भीती वाटते, उद्या बाळाकडे दुर्लक्ष केलं तर, असं मनात येतं. ते मी समजू शकते. एका बाबांनी यावर छान वाट काढली होती. कुणी पेटीजवळ आलं की ते हँडरबची बाटली पुढे करायचे: “घ्या मॅडम.” पानसुपारी द्यावी तशी. आम्ही हसायचो आणि घ्यायचो. आठवडाभरात त्या खोलीतले सगळेच बाप बाटली पुढे करायला लागले.

पायरी ३. पेटीजवळ काय न्यायचं नाही

मोबाइल. न्यावाच लागला तर पारदर्शक झिप पिशवीत घालून, पिशवी बंद करून. वरून सगळं चालतं, फोटोही निघतात. पिशवी रोज नवी.

अंगारा, भस्म, तीर्थ बाळाला लावू नका. अंगाऱ्याची पुडी आईजवळ ठेवा. टेडी नको, फुलं नकोत. पर्स आणि डबा जमिनीवर ठेवून तोच हात पेटीत घालू नका. सर्दी, खोकला, जुलाब, ओठावर नागीण असलेल्याने आत जायचंच नाही, मग ती सख्खी आत्या असली तरी. बारशाची घाई असलेल्या पाहुण्यांना बाहेरूनच फोटो दाखवा.

पायरी ४. आईचं दूध आणि आईची छाती

पहिल्या दोन-तीन दिवसांतलं पिवळसर चीक दूध थोडंच येतं, म्हणून पुष्कळ जणी म्हणतात, “सिस्टर, काही येतच नाहीये.” चमचाभरही खूप झालं. त्यात जंतूंशी लढणारे घटक ठासून भरलेले असतात. बाळ तोंडाने घेत नसेल तरी डॉक्टरांच्या परवानगीने त्याचे थेंब गालाच्या आतून लावतात. दूध हाताने काढायला शिका, पहिल्याच दिवशी शिकवायला सांगा. उकळलेल्या स्टीलच्या वाटीत काढायचं, वाटीच्या आतल्या बाजूला बोट लावायचं नाही, नाव आणि वेळ लिहून द्यायचं. नुसतं बाहेर साधारण ४ तास, फ्रिजमध्ये २४ तास. तुमच्या विभागाचा नियम वेगळा असेल तर तो पाळा. पाजायला वाटी-चमचा किंवा उकळून घेतलेलं बोंडलं. बाटली-निपल नको, निपलच्या खाचा कुणालाच धड धुता येत नाहीत.

आईला दूध नसेल किंवा ती स्वतःच आयसीयूत असेल तर लगेच पावडरवर जाण्याआधी विचारा, जवळ दूध बँक आहे का? भारतातली पहिली दूध बँक मुंबईत सायन रुग्णालयात १९८९ मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. धारावीच्या शेजारचं महापालिकेचं रुग्णालय, बाळांची गर्दी, आणि उपाय काय, तर दुसऱ्या आईचं पाश्चराइझ केलेलं दूध.

आणि कांगारू. बाळाला फक्त लंगोट-टोपीवर आईच्या उघड्या छातीवर, दोन स्तनांच्या मध्ये उभं ठेवायचं, वरून बांधून घ्यायचं. ही पद्धत १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटात सुरू झाली, कारण तिथे पेट्या कमी होत्या आणि एका पेटीत दोन-तीन बाळं ठेवल्याने एकाचा संसर्ग दुसऱ्याला होत होता. आईच्या कातडीवरचे घरचे जंतू बाळाच्या अंगावर आधी वस्ती करतात, मग हॉस्पिटलच्या जंतूला जागा कमी उरते. २०२१ मध्ये भारतासह पाच देशांतल्या रुग्णालयांतला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. १ ते १.८ किलोच्या बाळांना प्रकृती पूर्ण स्थिरावण्याची वाट न बघता जन्मानंतर लगेच कांगारूत ठेवलं, तर मृत्यू २५ टक्क्यांनी कमी झाले. तेव्हा “बाळ अजून लहान आहे, नंतर बघू” असं कुणी म्हटलं तर रोज पुन्हा विचारा. बाबांनाही जमतं. छातीवर केस असले तरी जमतं, हा प्रश्न मला फार वेळा आलाय.

पायरी ५. कल्चरचा रिपोर्ट वाचायला शिका

अँटिबायोटिक सुरू करण्याआधी रक्ताचं कल्चर (नमुन्यातला जंतू वाढवून बघायची तपासणी) घेतलं का, हा पहिला प्रश्न. आधी औषध आणि मग रक्त, असं झालं तर जंतू बाटलीत वाढत नाही आणि आपण अंधारात राहतो. किमान १ मिली रक्त लागतं. एवढ्याशा जिवाचं रक्त काढताना आईचा जीव तुटतो, पण अर्धा मिलीत रिपोर्ट चुकण्याची शक्यता वाढते. रक्त मशीनमध्ये ठेवलं की जंतू असल्यास बहुधा २४ ते ४८ तासांत कळतं. ‘काही वाढलं नाही’ असा शेवटचा रिपोर्ट साधारण ५ दिवसांनी येतो.

कागद हातात आला की वरून खाली असा वाचा.

सगळ्यात आधी नमुना कशाचा आहे ते बघा. रक्त, पाठीच्या कण्यातलं पाणी, नीट काढलेली लघवी, यात जंतू निघाला तर तो गांभीर्याने घ्यायचा. श्वासनलिकेतला स्राव, त्वचेवरचा बोळा, काढलेल्या नळीचं टोक, यात निघाला तर तो आजार असेलच असं नाही. नुसती वस्ती असू शकते. बाळ खेळतंय, दूध पचतंय आणि फक्त नळीच्या टोकावर क्लेब्सिएला, तर त्यासाठी हायर औषध हवंच का, हे डॉक्टरांना शांतपणे विचारण्यासारखं आहे.

मग जंतूचं नाव. मग खाली औषधांची यादी आणि प्रत्येकापुढे एस, आय किंवा आर. एस म्हणजे चालेल, आर म्हणजे दाद देत नाही, आय म्हणजे मधलं, जास्त डोस किंवा वेगळी पद्धत लागेल. घरचे लोक आर मोजत बसतात. एका काकांनी मला अकरा आर मोजून दाखवले होते, हात थरथरत होते. मी म्हटलं, काका, खाली एस किती आहेत बघा. दोन होते. बाळ एका वेळी एका-दोन औषधांवरच बरं होतं, अकरा लागत नाहीत.

काही रिपोर्टांत पुढे आकडाही असतो. ज्या औषधाचा आकडा लहान ते जास्त चांगलं, असं लोक धरून चालतात. तसं नसतं. प्रत्येक औषधाची मोजपट्टी निराळी, दोन औषधांचे आकडे एकमेकांशी ताडायचे नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ पासून अँटिबायोटिक्सचे तीन गट केलेत: सहज वापरायची, जपून वापरायची, आणि शेवटची राखून ठेवायची. अँपिसिलिन, जेंटामायसिन, अमिकॅसिन पहिल्या गटात, मेरोपेनेम आणि व्हँकोमायसिन दुसऱ्यात, कॉलिस्टिन तिसऱ्यात. आपण ज्याला ‘हायर’ म्हणतो ते भारी नसतं, फक्त वेगळ्या कुलपाची किल्ली असते. जंतू अमिकॅसिनला एस असेल तर त्या बाळासाठी अमिकॅसिन पुरेसं ठरू शकतं. म्हणून रिपोर्ट आल्यावर डॉक्टरांनी मेरोपेनेम काढून साधं औषध लावलं तर “पैसे कमी पडले म्हणून उतरवलं का?” असं विचारू नका. ते चांगल्या डॉक्टरचं लक्षण आहे.

प्रत्येक किल्लीची किंमत असते आणि ती फक्त बिलात नसते. कॉलिस्टिन चालू असताना लघवी किती होते आणि रक्ताच्या तपासणीत क्रिएटिनिन किती आहे ते रोज विचारा, कारण ते मूत्रपिंडाला त्रास देऊ शकतं. अमिकॅसिन, जेंटामायसिन झालं असेल तर घरी जाण्याआधी कानांची तपासणी मागून घ्या. जास्त दिवस हायर अँटिबायोटिक्स चालली की बुरशीचा संसर्ग वाट बघत असतोच.

कल्चरमध्ये काहीच वाढलं नाही तर? दोन्ही शक्यता असतात. दिल्लीच्या त्याच अभ्यासात सेप्सिस १४.३ टक्के बाळांना झाला, पण कल्चरमध्ये जंतू सापडला तो ६.२ टक्क्यांनाच. म्हणजे निगेटिव्ह आलं तरी संसर्ग असू शकतो. पण बाळ ठणठणीत आहे, सीआरपी (संसर्गात रक्तात वाढणारा घटक) वाढलेला नाही, ४८ तासांचं कल्चर कोरं आहे, तर अँटिबायोटिक थांबवता येतं. “पाच दिवस पूर्ण करूनच टाका की” असा आग्रह नातेवाईकच धरतात. तो धरू नका.

पायरी ६. राऊंडच्या वेळी विचारायचं ते

राऊंडला डॉक्टरांकडे तुमच्यासाठी दोन मिनिटं असतात. वहीत आधी लिहून ठेवा. आज अँटिबायोटिकचा कितवा दिवस? कधी थांबवायचा विचार आहे? कल्चर आलं का? दूध किती वाढवलं?

आणि सगळ्यात उपयोगी प्रश्न: “ही नळी आज लागणार आहे का?” बेंबीतली लाइन, मोठ्या शिरेतली लाइन, व्हेंटिलेटरची नळी, लघवीची नळी, प्रत्येक नळी म्हणजे जंतूला आत यायला उघडलेलं दार. गरज असते तेव्हा तिच्यावाचून चालत नाही. पण “असू दे, उद्या लागली तर” म्हणून राहिलेल्या नळ्यांनी मी फार नुकसान बघितलंय. दूध पूर्ण मिळायला लागलं की सलाईनची लाइन निघते, म्हणून पायरी ४ आणि ही पायरी खरं तर एकच आहेत. लघवीची पिशवी बाळाच्या पातळीच्या खाली, पण जमिनीला न टेकता. सलाईनच्या सुईभोवती लाल झालं, सुजलं, चिकटपट्टी ओली दिसली तर लगेच दाखवा.

पायरी ७. नजर

आईला आधी कळतं. मॉनिटरच्या आधी कळतं, हे मी अनेकदा अनुभवलंय. “काल चमचा लावला की तोंड उघडायचा, आज नाही उघडत” हे वाक्य कुठल्याही आईच्या तोंडून आलं की मी हातातलं काम टाकून जायचे.

यातलं काही दिसलं तर लगेच सांगा: दूध कमी घेणं किंवा पोटात साठून राहणं, पोट फुगणं, हातपाय गार पडणं, अंग तापणं (३७.५ अंश सेल्सिअसच्या वर) किंवा थंड पडणं (३६.५ च्या खाली), श्वास मध्येच थांबणं, श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, छाती आत ओढली जाणं, रंग राखाडी किंवा चट्ट्याचट्ट्यांचा दिसणं, हाक मारल्यावर एरवीसारखी हालचाल नसणं. नवजात बाळात ताप न येताही जंतुसंसर्ग असतो; उलट अंग थंड पडतं. “ताप नाहीये ना, मग ठीक आहे” असं म्हणू नका.

पायरी ८. वेगळं ठेवलं, दुसरीकडे हलवलं

दाद न देणारा जंतू निघाला की बाळाला कोपऱ्यात किंवा वेगळ्या खोलीत हलवतात, गाऊन-ग्लव्हज घालून हात लावतात, थर्मामीटर आणि स्टेथोस्कोप त्याचा वेगळा ठेवतात. हा बहिष्कार नाही. आईने जाणं, दूध काढणं, कांगारू चालू ठेवता येतं. कसं ते विचारा.

दुसऱ्या रुग्णालयात हलवताना कल्चरचे सगळे रिपोर्ट आणि कुठलं औषध किती दिवस दिलं त्याची यादी हातात घ्या, व्हॉट्सअॅपवरच्या फोटोवर विसंबू नका. जंतू निघाल्याचं लपवलं तर तिकडच्या बाळांना धोका, आणि तुमच्या बाळाचे पहिले दोन दिवस चुकीच्या औषधावर जातात. खर्चाचं म्हणाल तर सरकारी रुग्णालयात आजारी बाळाचे उपचार, औषधं आणि ने-आण वयाच्या एक वर्षापर्यंत जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमातून मोफत आहेत. जिल्हा रुग्णालयातला एसएनसीयू (आजारी नवजात बाळांचा विभाग) कमी दर्जाचा असतो हे डोक्यातून काढा.

पायरी ९. घरी

नाळ कोरडी ठेवायची. हळद, तेल, राख, पावडर काही नाही. काजळ नाही. घुटी नाही, मध नाही, सहा महिने फक्त आईचं दूध. घरी बाळ घेणाऱ्या प्रत्येकाने आधी हात धुवायचे, पणजीनेसुद्धा. बाळ वेळेआधी झालेलं असेल तर डोळ्यांच्या पडद्याची तपासणी जन्मानंतर ३० दिवसांच्या आत, फारच लहान असेल तर त्याहून आधी. ती तारीख चुकवून चालत नाही.

आशाताई घरी येतात, त्यांना दारातून परत पाठवू नका. त्या बघतात ती धोक्याची लक्षणं गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या कामातून आली आहेत. तिथे गावातल्याच बायकांनी घराघरात जाऊन नवजात बाळांचा संसर्ग ओळखला, जेंटामायसिनचं इंजेक्शनही दिलं आणि बाळं वाचली. तेच साधं जेंटामायसिन आज मोठ्या एनआयसीयूतल्या क्लेब्सिएलापुढे पुष्कळदा चालत नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

मेडिकलवाल्याकडून “मागच्या वेळी दिलं होतं तेच” म्हणून अँटिबायोटिक आणू नका. पट्टीवर उभी लाल रेघ असलेलं औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. १ मार्च २०१४ पासून बरीच हायर अँटिबायोटिक्स शेड्यूल एच-१ या सरकारी यादीत आहेत, दुकानदाराला डॉक्टरचं आणि रुग्णाचं नाव वहीत लिहावं लागतं. सिरपची पावडर पाण्यात कालवल्यावर बाटली थोडेच दिवस टिकते. उरलेलं थोरल्याला द्यायचं नाही, पुढच्या तापासाठी ठेवायचं नाही. डोस वजनावर ठरतो आणि वजन दर आठवड्याला बदलतं.

डिस्चार्ज कार्ड आणि कल्चरचे रिपोर्ट प्लास्टिकच्या एका फोल्डरमध्ये घालून लसीकरणाच्या कार्डासोबत ठेवा, कपाटाच्या वरच्या कप्प्यात साडीखाली नको. पुढच्या काही महिन्यांत बाळाने दूध सोडलं, अंग तापलं, मलूल झालं, तर फोल्डर काखेत मारून निघा आणि ज्या डॉक्टरांसमोर पोचाल त्यांना सगळ्यात आधी हे सांगा: “बाळ जन्मल्यावर इतके दिवस पेटीत होतं. रक्तात हा जंतू निघाला होता. हा रिपोर्ट.”